आत्याबाईंचा साधेपणा

आमच्या हॉलमधल्या नव्या सोफ्यावर कितीतरी दिवस कुणी बसलंच नाही. सगळे बसले ते सोफ्यावरच्या प्लास्टिकवर. दुकानातून येताना तो ज्या पारदर्शक कागदात गुंडाळलेला होता, तो कागद माझ्या नवऱ्याने काढूच दिला नाही. कुसगावच्या हवेत पावसाळ्यात चपलांना बुरशी येते, भिंतींना येते, पापडांना येते, मग सोफ्याला का नाही येणार, असं त्याचं म्हणणं. उन्हाळ्यात त्या कागदावर बसलं की तो अंगाला चिकटायचा आणि उठताना असा काही आवाज व्हायचा की नवखा पाहुणा लाजून पुन्हा खाली बसायचा. सोफा मात्र सुखरूप होता आणि त्याच्यावर नवऱ्याची रोज एक नजर असायची.

त्या सोफ्याला अजिबात न शिवलेलं घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. आत्याबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी जमिनीवर बसायच्या, खाली तांदळाचं रिकामं पोतं चौघडी करून. उठताना ते पोतं स्वतः उचलायच्या, काखेत मारायच्या आणि मागच्या पडवीत नेऊन ठेवायच्या. दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू द्यायच्या नाहीत.

या पोत्याचा त्यांच्या दोन्ही मुलांना केवढा अभिमान! मोठे दीर पवनानगरला असतात. धरणाच्या काठी पर्यटकांसाठी तंबू लागतात, ते उभारायचं आणि सांभाळायचं काम त्यांच्याकडे आहे. इकडे आले की आल्यागेल्याला सांगायचे, "आमची आई लय साधी. सोफा न्हाई, खुर्ची न्हाई. जुनी मानसं ती, जिमिनीवरच बसनार." माझा नवरा त्यात तत्त्वज्ञानाची भर घालायचा. माणसाने कसं राहावं ते आईकडून शिकावं, असं तो प्लास्टिकवर बसून म्हणायचा.

आमच्या घरामागे शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्या आहेत. मुंबईहून आलेल्या एका बाईंनी आत्याबाईंचा पोत्यावर बसलेला फोटो काढून मोबाइलवर टाकला आणि खाली लिहिलं की इथली माणसं अजून मातीशी जोडलेली आहेत. मातीशी कसली, पोत्याशी. पण त्या फोटोमुळे बुकिंग वाढलं असं नवऱ्याला वाटायला लागलं आणि तेव्हापासून आत्याबाईंचा साधेपणा आमच्या धंद्यात धरला गेला.

आणखीही गुण होते. आत्याबाई चहा अर्धाच कप प्यायच्या, पाणी घोटभर. मुलं म्हणायची, आईचा आहार बघा, म्हणून ती अजून ठणठणीत. आपली लुगडी आत्याबाई आपणच धुवायच्या, तीही सगळे उठायच्या आधी. मुलं म्हणायची, या वयात स्वावलंबन बघा. लग्नाकार्याला जायच्या नाहीत. पवनानगरला मोठ्या मुलाच्या घरीसुद्धा जीपने जाणं त्यांनी सोडलं होतं. "गाडी लागती," म्हणायच्या. आणि हसायच्या नाहीत. घरात काही विनोद झाला की तोंडाला पदर लावून उठायच्या आणि मोरीकडे निघून जायच्या. त्यामुळे त्या कडक आहेत असा त्यांचा लौकिक होता. मी नवी सून होते तेव्हा त्या लौकिकाला फार घाबरायचे.

मग मागच्या पावसाळ्यात मागच्या दारच्या धुण्याच्या दगडावरून आत्याबाईंचा पाय सरकला. आमच्याकडे त्या दिवसांत दगडाला शेवाळ धरतं. अनवाणी माणसाचासुद्धा भरवसा नसतो. त्या पडल्या, उजवं मनगट मोडलं आणि हातावर प्लास्टर चढलं. दवाखान्यात त्यांनी एकच गोष्ट विचारली, "दिवाळीपत्तुर बरा व्हईल न्हवं?" कारण दिवाळीनंतर नातीचा साखरपुडा होता. ही नात मोठ्या दिरांची मुलगी. पण लोणावळ्याच्या शाळेसाठी लहानपणापासून आमच्याकडेच राहिली, आजीच्या हाताखाली वाढली. साखरपुडाही आमच्याच हॉलमध्ये व्हायचा होता.

डॉक्टरांनी सांगितलं, आता जमिनीवर झोपायचं नाही, हातावर भार देऊन उठायचं नाही. म्हणून आत्याबाईंसाठी कॉटवर नवी गादी आली. आईला आता तरी सुख मिळू दे, असं म्हणून नवऱ्याने ती स्वतः अंथरली. आत्याबाई त्या गादीकडे साप बघावा तशा बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बघते तर कॉट रिकामा. गादीवर तेच पोतं पसरलेलं आणि आत्याबाई मागच्या दारी, त्याच शेवाळलेल्या दगडापाशी, लुगड्याचा बोळा डाव्या हाताने चोळत बसलेल्या.

"द्या इकडे," मी म्हटलं.

"न्हाई. ऱ्हाऊंदे."

"एका हाताने काय धुणार तुम्ही?"

"हात बरा झाला की धुईन."

"तोवर?"

"तवर ऱ्हाईल भिजत."

प्लास्टर चांगलं महिन्याभराचं होतं. एवढ्या दिवसांत त्या लुगड्याचं काय झालं असतं ते मी त्यांना सांगितलं, तरी त्या बोळा सोडेनात. शेवटी मी तो ओढूनच घेतला. ओढताना वास आला आणि मला कळायचं ते कळलं.

आत्याबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरांस्नी बोलू नगंस."

"कधीपासून आहे हे?"

"धाकट्याच्या टायमाला लय अडले व्हते. तवापासनं. आदी खोकलं, शिंकलं की व्हायचं. मग हसलं की. आता कशानंबी व्हतं."

धाकटा म्हणजे माझा नवरा. त्याचं डोकं जन्मतःच मोठं होतं असं घरात कौतुकाने सांगतात. ते मोठेपण कुणाला भोवलं ते मात्र आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी तिथे उभ्या उभ्या सगळं जुळवत गेले. पोतं, अर्धा कप चहा, न लागणारी गाडी, पहाटेची लुगडी, तोंडाला लावलेला पदर. सगळे गुण एका झटक्यात निकालात निघाले. मला रडू नाही आलं, राग आला.

"सोफ्यासाठी इतकं?" मी विचारलं.

"सोफा आत्ता आला गं. त्याच्या आदी सतरंजी व्हती. लोकांची जाजमं व्हती."

मी कुणाला बोलले नाही. बोलली ती गादी. कुसगावात जुलैमध्ये रुमाल वाळत नाही, गादी काय वाळणार? भिंतीला उभी करून पंखा लावला तर वास घरभर फिरला. नवऱ्याने विचारलं, गादीवर पाणी कुणी सांडलं? आत्याबाईंनी मान खाली घातली. मग त्याला समजलं, आणि त्याने लगेच पवनानगरला फोन लावला.

दोघा भावांची बैठक सोफ्यावर झाली. आई उंबऱ्यात खुर्चीवर होती, तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. तिला काय होतंय, किती वर्षं होतंय, डॉक्टरला दाखवावं का, यातलं एक अक्षर निघालं नाही. चर्चा चालली होती गादीची. गादी नवी आहे, कापूस आहे की फोम, आत कुठवर मुरलं असेल. या विषयावर दोघेही मन लावून बोलले.

आता यात एक गोष्ट समजून घ्यायला हवी. मावळातल्या पुरुषांना पाण्याबद्दल कुणी काही शिकवलेलं चालत नाही. दर वर्षी पावसाच्या आधी घराच्या वाऱ्याकडच्या बाजूला प्लास्टिक बांधायचं, गवताच्या गंजीवर ताडपत्री ताणायची, पन्हळी साफ करायच्या, हे त्यांनी लहानपणापासून केलेलं असतं. मोठे दीर तर तंबूवाले. "पान्याचं आमाला सांगू नका," ते म्हणाले. "पानी थांबलं की घात. त्याला उतार पायजे."

मग ते तंबूची निळी ताडपत्री घेऊन आले. डोक्याकडच्या पायांखाली विटा सरकवून कॉट उंच केला. ताडपत्री गादीवर ताणून नायलॉनच्या दोरीने चारी कोपऱ्यांना अशी बांधली की वादळातही हलू नये. पायथ्याशी तिची घडी दुमडून पन्हळ केली आणि पन्हळीखाली बादली ठेवली. माझा नवरा दोऱ्या धरत होता. दोघांना इतकं एकदिलाने काम करताना मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. झाल्यावर दिरांनी वरून तांब्याभर पाणी ओतून दाखवलं. पाणी घरंगळत बरोबर बादलीत गेलं. दोघे भाऊ खूश.

फक्त त्याच्यावर माणूस झोपायचं होतं, हे राहून गेलं.

ताडपत्रीवर नुसता हात हलवला तरी ती कडाकडा वाजते. आत्याबाईंनी कूस बदलली की घरभर वर्दी. म्हणून त्या कूसच बदलेनात. उतार चोख असल्यामुळे त्या घसरत होत्या आणि प्लास्टरच्या हातामुळे स्वतःला वर ओढता येत नव्हतं. सकाळी मी पाहिलं तेव्हा त्या पायथ्याशी मुटकुळं करून पडल्या होत्या. ताडपत्री थेंबभर पाणी पीत नाही. जे काही झालं होतं ते सगळं पाठीखालून वाहून लुगड्यात जिरलं होतं. मला बघून हळूच म्हणाल्या, "पोरांनी मला छपरावर निजवलंय."

नवरा आला. त्याने ताडपत्रीचा कोपरा सोडला, गादीवर हात फिरवला आणि आनंदाने ओरडला, "एकदम कोरडी!" लगेच भावाला फोन करून ही बातमी दिली. गादी कोरडी होती. आई मानेपासून पायापर्यंत ओली होती. ते त्याला दिसलं नाही असं नाही, पण ते त्याच्या खात्यात येत नव्हतं.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी सरळ मागे पाहुण्यांच्या खोल्यांकडे गेले. तिथली हकीकत अशी. ठाण्याच्या एका कुटुंबाच्या पोराने आमच्या गादीवर शू केली होती. नवरा त्या आईबापांना हसून म्हणाला होता, "लेकरू आहे, चालायचंच." आणि ते गेल्यावर त्याने सगळ्या खोल्यांतल्या गाद्यांना वॉटरप्रूफ कव्हरं आणली. वरून मऊ सुती कापड, आतून रबरी अस्तर. आवाज नाही, गरम होत नाही, मशीनमध्ये धुता येतं. म्हणजे आमच्या घरात कधी न भेटलेल्या, कधी पुन्हा न येणाऱ्या लोकांच्या मुतण्याची सोय झालेली होती. ज्या बाईने हे घर उभं केलं तिच्या वाट्याला ताडपत्री.

सगळ्यात चांगल्या खोलीतलं कव्हर मी काढलं. नवरा मागोमाग धावत आला. "अगं, शनिवारी पाहुणे आहेत त्या खोलीत!"

"मग त्यांना ताडपत्री बांधा," मी म्हटलं. "उतार किती ठेवायचा ते दादांना विचारा."

विटा मी स्वतः काढल्या, ताडपत्री घडी करून पडवीत टाकली. गादीला कव्हर चढवलं, त्यावर चादर, आणि चादरीवर कमरेखाली येईल अशी आडवी छोटी गोधडी. या छोट्या गोधड्या आत्याबाईंनीच जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या, नातवंडांच्या खाली घालायला. पेटीत पडून होत्या. ओली झाली की तेवढीच काढायची, दुसरी घालायची, आणि भिजलेली मशीनमध्ये पिळून पंख्याखाली टाकायची. आख्खं अंथरूण उपसायला नको. आत्याबाईंनी गोधडीचा टाका ओळखला, बोटाने चाचपला. "पोरांचं माज्या खाली आलं," म्हणाल्या आणि त्या दिवशी दुपारी त्या पहिल्यांदा त्या कॉटवर निवांत आडव्या झाल्या.

लोणावळ्यातल्या बाईडॉक्टरांकडेही मी त्यांना नेलं. त्या आधी पाणी कमी पिण्यावरून रागावल्या, मग औषध दिलं, अंग आवळून धरायचा व्यायाम शिकवला आणि म्हणाल्या, इतकी वर्षं का नाही आलात? आत्याबाई म्हणाल्या, "बाईमानसाचं असतंच की." मेडिकलमध्ये मी मोठ्यांचे पॅड मागितले तर दुकानदाराने ते आधी वर्तमानपत्रात गुंडाळले, मग काळ्या पिशवीत घातले, मग ती पिशवी इकडेतिकडे बघत काउंटरखालून दिली. एवढं मोठं काळं गाठोडं घेऊन चालताना मी काय चोरलंय असं बाजारभर वाटत असणार.

पावसाळा सरला, प्लास्टर निघालं, आत्याबाईंचा चहा कपभर झाला. आणि साखरपुडा आठवड्यावर आला.

फोटो यायचे म्हणून नवऱ्याने सोफ्याचं प्लास्टिक शेवटी काढलं. सोफा बदामी रंगाचा होता हे आम्हाला तेव्हा नीट कळलं. तो उघडा पडल्याबरोबर दोघे भाऊ अस्वस्थ झाले. एकमेकांकडे बघत राहिले, मग मोठ्यांनी घसा खाकरला. "आईला खालीच बरं वाटतं. सवयच हाय तिची." नवरा लगेच म्हणाला, "हो, आणि दिसायलाही साधं छान दिसतं. पोतं मात्र नवीन घेऊ."

नवीन पोतं! आईच्या मानासाठी!

आत्याबाई म्हणाल्या, "व्हय, खालीच बरं." दोघांचे जीव भांड्यात पडले. मग स्वयंपाकघरात त्या माझ्याजवळ आल्या आणि लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "पोरीच्या शेजारी बसावं असं लय वाटतं गं. दुसऱ्या घरी चालली. पर सोफा नवा हाय, आन् मानसं बघत्यात." त्या रडत नव्हत्या, लसूण सोलत होत्या. मला मात्र चाकू कुठे ठेवू असं झालं.

मी पाहुण्यांच्या खोलीतलं आणखी एक कव्हर आणलं आणि कात्री चालवली. सोफ्याच्या प्रत्येक जागेला एक, अशा चौकोनी गाद्या शिवल्या. वरून बदामी कापड, मध्ये जुन्या सुती कापडाचे थर, खाली अस्तर. सगळ्या एकसारख्या, म्हणजे कुठली कुणाची ते ब्रह्मदेवालाही कळू नये. कव्हराचं काय झालं ते समजल्यावर नवरा हळहळला. पण सोफ्याला डाग पडणार नाही म्हटल्यावर खुलला. मला कलाकार म्हणाला.

साखरपुड्याच्या दिवशी कामशेतहून वरपक्ष आला. नात सोफ्यावर मधोमध बसली आणि तिने आजीचा हात धरून तिला शेजारी बसवलं. आत्याबाई आधी टोकावर टेकल्या, अंग आवळून. मग हळूहळू मागे रेलल्या. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं नाही. बाकीच्या जागांवर वराचे वडील, मामा, गुरुजी ऐसपैस बसले.

एवढ्यात मुलाची आजी आत आली. वाळकी, ताठ, नऊवारी नेसलेली. तिने सोफ्याकडे बघितलं, आणि सरळ उंबऱ्यापाशी गेली. काखेतून चौघडी केलेलं गोणपाटाचं चवाळं काढलं आणि खाली अंथरायला लागली.

"बसा की वर," मी म्हटलं.

"न्हाई बाई, मी खालीच बरी. सवय हाय मला."

वराचे वडील सोफ्यावरून कौतुकाने हसले. "आमची आई लय साधी," ते म्हणाले. "कुटं जातच न्हाई. आज नातवासाठी आली म्हनून, न्हाईतर गाडी लागती तिला."

माझ्या हातात पोह्यांचा ट्रे होता. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या त्या चवाळ्याकडे टक लावून बघत होत्या. मग उठल्या, उंबऱ्यापाशी गेल्या, म्हातारीला हाताला धरून उभं केलं आणि सोफ्याशी आणलं. नातीने सरकून जागा दिली. म्हातारी बसेना. अंग चोरून उभीच राहिली. तेव्हा आत्याबाई तिच्या कानाशी लागल्या. मी अगदी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

"बिनघोर बसा. खाली रबर घातलंय."

म्हातारीने त्यांच्याकडे बघितलं.

"तुमच्या खाली?"

"सगळ्यास्नी घातलंय."

म्हातारीची नजर सोफ्यावरून फिरली. आपला मुलगा, त्याचा मेव्हणा, पंचांग उघडून बसलेले गुरुजी. सगळे रबरावर, सगळे ऐटीत. तिचे ओठ थरथरायला लागले. ती धपकन बसली आणि हसत सुटली. मग आत्याबाईही हसल्या. पदर लावला नाही, मोरीकडे पळाल्या नाहीत. एकमेकींचे हात घट्ट धरून दोघी अशा हसल्या की गुरुजींनी मंत्र थांबवला. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी आत्याबाईंचं हसणं पहिल्यांदाच ऐकलं. गोड होतं, पोरीसारखं. दोन्ही घरचे मुलगे गोंधळून विचारत होते काय झालं, काय झालं. माझा नवरा तेवढा सोफ्याकडे बघत होता.

हसू ओसरल्यावर आत्याबाई तिला आत घेऊन गेल्या आणि आहेराचं लुगडं तिथेच नेसवलं. स्वतःही दुसरं नेसल्या. दोघी बाहेर आल्या तेव्हा वराच्या वडिलांचे डोळे भरून आले. "बघा, आहेराचा कसा मान ठेवला. घडी मोडून लगेच नेसली. जुनी मानसं ती." मोठे दीरही मान डोलावत म्हणाले, "आमची आईबी तशीच."

पाहुणे गेल्यावर नवऱ्याने आधी सोफा तपासला. सगळीकडून हात फिरवला. "कोरडा आहे," तो म्हणाला आणि निवांत टेकला. मी त्या दोन चौकोनी गाद्या उचलून मागच्या दारी धुवायला नेल्या. दोन्ही चिंब होत्या. चिंब होईपर्यंत हसल्या होत्या दोघी.